वाळवण आणि निळं टिंब

काल संध्याकाळी जिना चढताना पहिल्याच मजल्यावर हिंगाचा आणि पापडखाराचा वास आला, आणि कळलं की हंगाम सुरू झाला. बदलापूरच्या कात्रपला आता इमारतीला इमारत चिकटली आहे, समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरात ठसकते. तरी मार्च संपत आला की प्रत्येक गच्चीवर प्लास्टिकचे कागद पसरतात, त्यांच्या कोपऱ्यांवर विटा येऊन बसतात आणि माळ्यावरच्या जुन्या सुती साड्या धुऊन बाहेर निघतात. कुणाच्या साबुदाण्याच्या चिकवड्या, कुणाच्या तांदळाच्या फेण्या, कुणाचे उडदाचे पापड. वर्षभर एकमेकींकडे न बघणाऱ्या बायका या दीड महिन्यात शेजारी शेजारी उकिडव्या बसतात आणि कुणाची फेणी चिरली याकडे बारीक लक्ष ठेवतात. मला हा हंगाम पूर्वी आवडायचा. गेल्या वर्षीपासून तो आला की माझा हात आधी पर्समधल्या फोनकडे जातो.

हल्ली लोक कौतुकानं सांगतात, आमच्या आजीला मोबाइल येतो. मला त्यात एवढं काही वाटत नाही. मी उल्हासनगरला दोन नंबरच्या कॅम्पात एका चष्म्याच्या दुकानात सोळा वर्षं काम करते आहे. डोळे तपासायचे, फ्रेम बसवून द्यायची, नाकावर टोचतंय का विचारायचं. पूर्वी जवळचा नंबर काढताना मी बारीक अक्षरांचा पुठ्ठा हातात द्यायचे. आता गिऱ्हाईक तो पुठ्ठा बाजूला ठेवतं आणि आपला फोन काढतं. ह्याच्यात दिसलं पाहिजे, बाकी काही नको. एक सिंधी अम्मा दर दोन महिन्यांनी यायच्या. "बेटा, नंबर थोड़ा बढ़ा दो, मोबाइल में सब छोटा-छोटा दिखता है." शेवटी मी त्यांच्या फोनमधली अक्षरंच मोठी करून दिली. अम्मा खूश, सेठ नाराज. "मनीषा, ऐसा सबको सिखाओगी तो मेरी दुकान को ताला लगेगा."

याच अम्मा पहिल्यांदा आल्या तेव्हा फोन दोन बोटांत उंदराच्या शेपटीसारखा धरून म्हणाल्या होत्या, हमको कुछ नहीं आता. परदेशात पणती झाली आणि आठवड्याभरात त्यांना सगळं आलं. मी असे खूप पाहिले. कुणाला शिकवावं लागत नाही. पलीकडं काहीतरी बघायचं असलं की बोटं आपोआप वळतात. हे सगळं मला दुकानात कळत होतं, फक्त घरी लागू करायचं सुचलं नाही.

आमच्या घरात माझ्या सासूबाई आहेत. मी त्यांना आई म्हणते. कुळगावातल्या शेतकरी घरातल्या, चौथी शिकलेल्या, आणि पापड-फेण्यांच्या बाबतीत कुणाचं काही न ऐकणाऱ्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. आमची इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दोन मजले वर गच्ची, दोन मजले खाली रस्ता, आणि मधे आई. घरातल्या घरात त्या वॉकर धरून फिरतात, ओट्याशी स्टुलावर बसून चहा करतात, भाजी निवडतात. पण दाराबाहेरच्या पायऱ्या दिसल्या की थांबतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरचा पाण्याचा पाइप. तीन वर्षं त्यांनी तो पाइप बघितला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या नवऱ्यानं त्यांना स्मार्टफोन आणून दिला. शिकवायची जबाबदारी अर्थातच माझी, कारण त्याची कंपनीत पाळी असते आणि "तुला जमतं गं लोकांना समजावून सांगायला." पहिल्या दिवशी आईंनी स्क्रीनवर बोट असं दाबलं की सगळी चित्रं थरथरायला लागली. दुसऱ्या दिवशी दोन चित्रं गायब झाली. मी चिडले. "अहो आई, दाबायचं नाही, नुसतं लावायचं."

"लावायचं म्हंजे कसं?"

मग म्हटलं, "ओली फेणी ताटलीवरून उचलता ना, तसं."

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस. त्यानंतर त्यांचं बोट कधी जड पडलं नाही.

मग कुलूप. आयुष्यभर तांदळाच्या उकडीत आणि राखेत घासलेली बोटं, त्यांचा ठसा फोनला लागेना. आकडा लक्षात राहीना. म्हणून मी नऊ ठिपक्यांचं कुलूप लावून दाखवलं. ठिपके दिसताच आईंचा चेहरा उजळला. "ही तर रांगोळी!" त्यांनी बोट न उचलता सात-आठ ठिपके जोडले, वळसा दिला आणि फोन उघडला. ते कुलूप त्यांनी इतकं अवघड काढलं होतं की आजही आमच्यापैकी कुणाला उघडता येत नाही. आमची मुलगी सई तेव्हा नववीची परीक्षा देत होती. ती म्हणाली, "आजी, तू हॅकर होणार."

या सगळ्यामागं खरं कारण वाळवण होतं. गुडघे गेल्यापासून फेण्या आई घरात घालायच्या आणि वर मी किंवा सई नेऊन वाळवायचो. पण राखण कोण करणार? मी दुकानात, सई शाळेत. आधीची दोन वर्षं अर्धा माल कावळ्यांनी आणि कबुतरांनी नेला होता. आई दिवसभर छताकडे बघत बसायच्या आणि मी आले की विचारायच्या, "काय ऱ्हायलंय?"

युक्ती सईनं काढली. तिचा जुना फोन गच्चीवर विटेला टेकवून ठेवायचा, व्हिडिओ कॉल चालू करायचा, तुटला तर वरचा फोन आपोआप उचलेल अशी सोय करून ठेवायची, आणि खाली आईंनी आपल्या फोनवर फेण्या बघत बसायचं. पहिल्या दिवशी वरचा फोन उन्हानं तापून बंद पडला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर छत्री आली. तिसऱ्या दिवशी त्याला एक छोटा स्पीकर जोडला गेला, आणि आमच्या इमारतीत कधी नव्हे ते नाटक सुरू झालं. गच्चीवर कुणी नाही, नुसती काळी छत्री, आणि छत्रीतून आवाज, "हाऽऽड! हाड मेल्या! तुझ्या बापाचं हाय काय?" कावळे पहिले चार दिवस घाबरले. मग त्यांना कळलं की ही बाई उठून येत नाही. एक कावळा तर फोनच्या समोर येऊन मान वाकडी करून बघत बसायचा. आईंना खाली त्याचा डोळा पडदाभर दिसायचा आणि त्या त्याच्याशी भांडायच्या. पाण्याची टाकी बघायला आलेला माणूस कागदाच्या कडेवर पाय देणार तोच छत्री ओरडली, "ए बाबा, चप्पल काढ!" तो बिचारा चप्पल हातात घेऊनच खाली आला.

मी हसले, आम्ही सगळेच हसलो. आईंच्या तोंडावर तीन वर्षांनी ऊन आलं होतं. गच्चीवर कुणाची साडी वाळते आहे, ढग आला का, समोरच्या टेकडीवर धूर कुठं आहे, हे त्या मला संध्याकाळी सांगायच्या. मला वाटलं, चला, एक प्रश्न सुटला.

आता माझं सांगायला हवं. आमचं दुकान आधी सातला बंद व्हायचं. नंतर सेठना साखरेचा त्रास सुरू झाला आणि ते सव्वासहालाच शटर ओढायला लागले. हे घरी सांगायचं माझं राहून गेलं. आठवडाभर राहिलं, मग मी राहूच दिलं. उल्हासनगरहून बदलापूरला लोकलनं येताना मधे अंबरनाथ लागतं. मी तिथं उतरायची. पूर्वेला दहा मिनिटं चाललं की एक लहानशी बाग आहे, कारंजं बंद पडलेलं, घसरगुंडीचा पत्रा गंजलेला, पण एक भलंमोठं झाड आहे आणि त्याच्याखाली सिमेंटचा बाक. त्या बाकावर मी पाऊण तास बसायची.

काय करायची विचाराल तर काहीही नाही. चपला काढायची. कोपऱ्यावरून कागदी कपातला चहा आणलेला असायचा. झाडाखाली निवृत्त कामगार पत्ते खेळायचे, त्यांची भांडणं ऐकायची. त्या पाऊण तासात मला कुणी आई म्हणत नसे, मॅडम म्हणत नसे, अगं ऐकलंस का म्हणत नसे. मी सकाळी साडेपाचला उठते. तेव्हापासून झोपेपर्यंत माझं प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी नावावर लागलेलं असतं. तो पाऊण तास तेवढा कुणाच्या नावावर नव्हता, कारण तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची आणि त्याच्याशिवाय दिवस निघतही नव्हता. हे असं लिहिताना फार मोठं पाप केल्यासारखं दिसतं. बाकावर बसायची, एवढंच.

एप्रिलच्या शेवटी एकदा जेवताना आई सहज म्हणाल्या, "आज दुपारची कुठं गेली व्हतीस गो? पुलापर्यंत जाऊन आलीस."

मी खरंच गेले होते, काचा आणायला. घास हातातच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"टिंब दिसतं ना तुझं. निळं."

सईनं पाणी वाढत शांतपणे खुलासा केला. आजी रोज विचारायची, आई कुठं पोचली असेल, आई कधी येईल. म्हणून तिनं माझ्या फोनवरून आजीला माझं लोकेशन कायमचं देऊन टाकलं होतं. "महिना झाला, आई. तुला सांगितलं नव्हतं का? आजीला नकाशा मस्त येतो आता. नदी ओळखते, रेल्वेची लाइन ओळखते. कुळगावातलं त्यांचं जुनं खळं कुठं होतं ते पण दाखवलं मला. तिथं आता पार्किंग आहे."

नवरा कौतुकानं म्हणाला, "बघ, म्हातारीला सगळं जमतं."

मी मान हलवली आणि उरलेला भात गिळला. महिना झाला. म्हणजे महिनाभर माझं टिंब रोज संध्याकाळी अंबरनाथला उतरत होतं, दहा मिनिटं चालत होतं आणि पाऊण तास एका जागी थांबत होतं. आईंनी ते बघितलं होतं की नव्हतं? संध्याकाळी त्या नकाशा उघडतात की मालिका बघतात? बघितलं असेल तर बोलल्या का नाहीत? त्यांच्या तोंडाकडे बघून काही कळेना. त्या आमटी भुरकत होत्या.

लोकेशन बंद करणं एका बोटाचं काम होतं. दुकानात मी असली कामं दिवसातून चार वेळा दुसऱ्यांना करून देते. पण बंद केलं की का बंद केलंस हा प्रश्न आला. लपवण्यासारखं काय आहे, हा दुसरा. त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते उत्तर "बाक" असं होतं. कुठल्या नवऱ्याला, कुठल्या सासूला ते खरं वाटेल? मलाच वाटलं नसतं.

म्हणून मी अंबरनाथला उतरणं बंद केलं. घरी सांगितलं, उन्हाळ्यात दुकान लवकर बंद होतं. पहिल्या दिवशी सातच्या आत घरात पाऊल टाकलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, आता लवकर येतेसच तर सईला क्लासला सोडत जा. तिसऱ्या दिवशी दळण माझ्याकडे आलं. आठवड्याभरात तो पाऊण तास कुठं होता याची खूणसुद्धा राहिली नाही. विहिरीतून बादली काढल्यावर पाणी जसं लगेच मिटतं, तसं झालं.

मी गुदमरले, दुसरा शब्द नाही. येताना अंबरनाथ आलं की मी डोळे मिटून घ्यायची. आणि राग कुणावर काढणार? सईवर काढवत नव्हता, नवऱ्याला काही कळलंच नव्हतं. राग आईंवर निघायला लागला. मीच शिकवलं होतं ना. ओल्या फेणीसारखं बोट लावायला मीच सांगितलं होतं, आणि त्याच बोटाखाली आता मी होते. आई विचारायच्या, "मनीषा, हे काय आलंय गो स्क्रीनवर?" मी तोडून उत्तर द्यायची, "मला नाही माहीत." माहीत असायचं. त्या मग आपल्या आपण काहीतरी करत बसायच्या.

मेच्या मध्यावर एक दिवस मी फारच नीच वागले. त्या दिवशी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या चिकवड्या घातल्या होत्या, दोन कागद भरून. सई मैत्रिणीकडे जायची होती. निघताना आई म्हणाल्या, "सावकाश जा. मी बघते हाय तुझ्याकडं." त्यांनी मायेनं म्हटलं असेल. मला ते पायात साखळी पडल्यासारखं वाटलं. त्या चहा गाळायला वळल्या, फोन टेबलावर उघडाच होता. मी वरून पडदा खाली ओढला, विमानाच्या चित्रावर बोट लावलं आणि निघून गेले. एका दिवसापुरतं मला कुणी बघू नये, एवढंच डोक्यात होतं. चिकवड्यांचा विचारही मनात आला नाही.

गंमत म्हणजे त्या संध्याकाळीही मी अंबरनाथला उतरले नाही. कुणी बघत नव्हतं तरी उतरले नाही. गाडीच्या दरवाजापर्यंत गेले आणि परत जागेवर बसले. सवय सुटली होती, की धीर सुटला होता, ते सांगता येत नाही.

सातच्या जरा आधी इमारतीत शिरले. दुसऱ्या मजल्यावर आले तर आमचं दार सताड उघडं, आत कुणी नाही. वॉकर जिन्याच्या तोंडाशी उभा. वर बघितलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर आई बसल्या होत्या. पदर खोचलेला, एक हात कठड्याच्या गजाला, दुसऱ्या हातात फोन.

"आई! काय झालं? पडलात?"

"नाय गो. बसले." त्या हसल्या, पण तोंड सुकून गेलं होतं. "ते वरचं दिसंना झालं सकाळपासून. म्हटलं कबुतरं सगळं नासतील. इचार केला, बसत बसत जाते वर. सात पायऱ्या चढले. मग पुढं पण जाववंना आन् मागं पण."

"कधीपासून?"

"पाच वाजले व्हते."

तिसऱ्या मजल्यावरची दोन्ही घरं गावाला गेलेली. मे महिना, उन्हाची वेळ, जिन्यावर कोण येणार? मी त्यांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, "हाक मारायची ना आई. खाली कुणीतरी ऐकलं असतं."

"बसल्या बसल्या फोन बघत व्हते. वरून पडदा ओढला, तर इमान पेटलेलं दिसलं. म्हटलं हे काय नवीन? बोट लावलं, विझलं. आन् सगळं आलं बघ परत!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. "वर परत कॉल लावला, चिकवड्या दिसल्या, गेल्यात निम्म्या. आन् तुझं टिंब दिसलं. दुकानातून निघालीस. मग कशाला हाक मारायची? तू येत व्हतीस ना."

कुणाचं बोट लागलं हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे, तेवढंच.

मग त्या म्हणाल्या, "हल्ली हिरव्यात थांबत नाहीस?"

"कुठल्या हिरव्यात?"

त्यांनी नकाशा उघडला. दोन बोटांनी तो असा फाकवला की दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकाला जमणार नाही. राखाडी रस्ते, रेल्वेची काळी रेघ, आणि अंबरनाथच्या बाजूला नखाएवढा हिरवा तुकडा. माझी बाग. "हितं. रोज थांबायचीस, हलायची नाहीस. पहिल्या दिवशी घाबरले, म्हटलं पोरीला काय झालं. मग कळलं, बसतेय. मी पण तेव्हाच चहा करून घ्यायचे. तू हिरव्यात, मी हितं. झाडबिड हाय का गो तिथं?"

"आहे," मी म्हटलं. "मोठं आहे."

"सावली असंल."

"आहे."

मला रडू आलं. मी रडले. महिनाभर आई माझ्यावर पहारा करत होत्या असं मी धरून चालले होते, आणि त्या माझ्या शेजारी बसायला येत होत्या. तीन वर्षांत त्यांना मिळालेली ती एवढीच हिरवी जागा, आणि ती मी रागानं बंद करून टाकली होती. पण खरं सांगायचं तर रडताना मला दुसरंही वाटत होतं. म्हणजे तिथंही मी एकटी नव्हतेच. माझा म्हणून जो पाऊण तास होता तोही कुणाच्या तरी चहाबरोबर गेला होता. मला त्यांची दया आली आणि माझीही आली. दोन्ही एकाच वेळी येतात आणि एकीनं दुसरी जात नाही.

आईंना हे कळलं असावं. कारण त्या पायरीवर बसूनच त्यांनी मला गिरणीची गोष्ट सांगितली.

त्या नवीन लग्न होऊन कुळगावात आल्या तेव्हा घरात सतरा माणसं होती आणि त्यांची सासू ओसरीवर बसून दारावर नजर ठेवायची. बाहेर पडायला कारण लागायचं, आणि गेल्यापासून येईपर्यंतचा वेळ सासूच्या मनात मोजलेला असायचा. एकच जागा अशी होती जिथं किती वेळ लागेल ते कुणाला सांगता यायचं नाही. पिठाची गिरणी. "डबा नेऊन रांगेत ठेवायचा. गिरणीवाल्याला सांगायचं, माझा डबा सरकवत ऱ्हा. आन् मी मागल्या दारानं नदीवर. धुणं नाय, पाणी नाय. नुसती पाय सोडून बसायचे. घरातली कुणी बघायला आलीच, तर डबा रांगेत हाय ना? डबा हाय म्हंजे मी हाय."

"कुणाला कळलं नाही?"

"सासूला कळलं असंल. एकदा पीठ घेऊन आले तर पायाला वाळू. बघितलंन् तिनं. म्हणाली, गर्दी व्हती का गिरणीवर? मी म्हटलं, व्हती." आईंनी माझ्या हातातल्या पर्सकडे बघितलं, जिच्यात माझा फोन होता. "तुझा पण डबाच हाय की तो. ठेवायचा दुकानात कधीतरी रांगेला. मला काय कळतंय? टिंब तिथंच दिसंल."

मग समोरच्या घरातला माणूस कामावरून आला, आणि आम्ही दोघांनी धरून आईंना एकेक पायरी उतरवलं. सात पायऱ्यांना वीस मिनिटं लागली. त्या वर्षी चिकवड्या कमीच झाल्या, आणि दिवाळीत कुणी विचारलं की आई सांगायच्या, कबुतरं फार माजलीत.

हे सगळं गेल्या वर्षीचं. यंदा आईंचे गुडघे आणखी बसलेत, पण फोन त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतो. इमारतीतल्या तीन म्हाताऱ्यांना त्यांनी शिकवून तयार केलंय, त्या आपापले पापड घरात बसून राखतात, आणि दुपारी गच्चीवर चार छत्र्या एकमेकींशी गप्पा मारतात. मी रोज अंबरनाथला उतरत नाही. वर्षभर सईची दहावी होती, क्लास होता, दळण आहेच. जे एकदा भरलं ते परत रिकामं होत नाही. बहुतेक दिवस मी सरळ घरी येते.

पण गुरुवारी मी फोन दुकानातल्या खणात ठेवते, जुन्या फ्रेमांच्या डब्यात. सेठ पहिल्यांदा ओरडले, "मनीषा, फोन भूल गई!" मी म्हटलं, "रहने दो सेठ, कल लूँगी." त्यांना वाटतं मी विसरभोळी झाले. मग मी बाकावर जाऊन बसते. पर्समध्ये हात घालायची सवय जात नाही, दोनदा तीनदा हात जातो आणि रिकामा परत येतो. साडेसहा वाजून गेले की मला माहीत असतं, कात्रपच्या दुसऱ्या मजल्यावर आई चहाचा कप घेऊन नकाशा उघडतात. गुरुवारी त्यांना तो हिरवा तुकडा मिळत नाही. माझं टिंब कॅम्पातल्या बाजारात, राखाडी चौकोनांच्या गर्दीत बसलेलं असतं, आणि त्या त्याच्यासमोर बसून चहा पितात.

काल गुरुवार होता. हिंगाच्या वासातून जिना चढून मी दारात उभी राहिले तेव्हा पावणेआठ झाले होते. दार उघडंच होतं. आई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर फोन, त्याचा उजेड चष्म्यावर. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ऐकला. मान वर करून त्यांनी मला नीट बघितलं, पायांपासून केसांपर्यंत. मग पुन्हा फोनकडे बघितलं.

"अजून दुकानातच दिसतेस," त्या म्हणाल्या. "गर्दी असंल. ये सावकाश."

आतून सईनं कुकर कधी लावायचा म्हणून आजीला विचारलं. आई म्हणाल्या, "थांब, तुझी आई यायची हाय."

मी चपला न काढता थोडा वेळ उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिले.